न जुळलेला भाऊ

बोलण्यात मी कधी मागे राहिलो नाही. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या पोरांना आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं, ते बोलूनच. दादाच्या आजारपणाची गोष्ट तर किती जणांना सांगितली असेल — शाळेच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, गोंदियाच्या फलाटावर भेटलेल्या अनोळखी माणसालासुद्धा. पण दर वेळी त्यातला एक तुकडा गाळून सांगितली. तो तुकडा माझ्या बायकोला ठाऊक नाही. आई गेली, तिला कळला नाही. दादाला नाही, ताईला तर नाहीच. आज तुम्हाला सांगतो आहे. तुम्हालाच का? — ते मला नीट सांगता येणार नाही.

आधी अभिमानाचं सांगू द्या. तेवढं तरी खोटं नाही.

आम्ही तिघं भावंडं. सगळ्यांत मोठी सुमनताई, जवळच्याच लामता गावात दिलेली. भाताची शेती, दोन पोरं आणि तीन आळ्यांपर्यंत ऐकू जाणारा आवाज. मधला वसंत, माझा दादा. तो वनखात्यात डेप्युटी रेंजर होता, बिरसा रेंजमध्ये. डोळे मिटून साल हुंगायचा आणि झाडाचं नाव सांगायचा. दिवसाला वीस-वीस किलोमीटर चालायचा, आणि रात्री घरी आल्यावर मुलीला खांद्यावर बसवून अंगणात आणखी चार फेऱ्या मारायचा. आणि शेंडेफळ मी, मनोहर. शिकलेला, पुस्तकातला, सावलीतला.

नव्वदचं दशक संपता संपता दादाला रक्ताचा कर्करोग निघाला. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, भावंडांपैकी कुणाशी रक्त जुळलं तर त्याच्या हाडातला मगज काढून याला देता येईल. त्यातून नवं रक्त तयार होईल. ताई आणि मी, दोघांनी नागपूरच्या एका लॅबमध्ये जाऊन रक्ताचा नमुना द्यायचा होता. ताईचं जुळलं. पूर्ण जुळलं. माझं जुळलं नाही — असं आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्याकडे मी येतोच. जरा थांबा.

ताईनं मगज दिला तेव्हाचा तिचा थाट तुम्ही बघायला हवा होता. कंबरेच्या हाडात जाड सुया घालून काढतात तो. दुसऱ्या दिवशी ती वाकडी चालत दादाच्या काचेच्या खोलीबाहेर उभी राहिली आणि आतल्या दादाला हातवारे करून सांगू लागली, काही दुखत नाही म्हणून. काही महिन्यांनी दादाचा रक्तगट बदलला. जन्माचा ‘ओ’ होता तो ताईसारखा ‘बी’ झाला. मी वर्गात शिकवत होतो ते माझ्याच घरात घडलं होतं! ताईनं लामत्याला घरोघरी जाऊन सांगितलं, “माह्या भावाच्या अंगात आता माहं रक्त हाय. तपासून पाहा.” बायका हसायच्या. ती हसायची नाही. ती खरंच तपासून दाखवायला तयार होती.

कर्करोग गेला. वर्ष बरं गेलं. मग दादाच्या हाताची कातडी कडक व्हायला लागली.

आधी वाटलं, थंडीनं असेल. पण मग कोपर पूर्ण सरळ होईना. बोटं मिटेनात. तोंडात फोड आले, डोळ्यांतलं पाणी आटलं. अंगावर कुणीतरी ओलं चामडं चढवून उन्हात वाळवावं तसं त्याचं अंग आवळत गेलं. तोंड इतकं आकसलं की भाकरीचा तुकडा आत जाईना, वहिनी त्याला वरण-भात कालवून चमच्यानं भरवायची. साल हुंगून झाड ओळखणारा माणूस सदऱ्याच्या गुंडीपुढे हरायचा.

मुंबईच्या डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. दिलेल्या मगजातून ज्या पांढऱ्या पेशी तयार झाल्या, त्यांना दादाचं शरीर परकं वाटत होतं. ज्या घरात त्या राहायला आल्या, त्याच घरावर तुटून पडल्या होत्या. गोळ्यांनी दादाचा चेहरा सुजला, साखर वाढली, पण कातडी सैल होईना. तेव्हा बाई म्हणाल्या, एक नवा उपचार आहे. उजेडाचा.

उजेडाचा! मी विज्ञानाचा मास्तर, पण मलाही पहिल्यांदा खरं वाटलं नाही.

वहिनीच्या पदरी लहान मुली होत्या, म्हणून दादाबरोबर मी गेलो. शाळेतून बिनपगारी रजा घेतली आणि हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळेत आम्ही दोघं भाऊ मुक्कामाला राहिलो. पंधरा दिवसांतून लागोपाठ दोन दिवस उपचार. दादाच्या हाताला जाड सुई. नळीतून रक्त यंत्रात जायचं, तिथे गरगर फिरायचं. ताक घुसळून लोणी वर यावं तशा त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या व्हायच्या, उरलेलं रक्त परत अंगात. पेशींची ती फिक्कट गुलाबी पिशवी. तिच्यात एक औषध घालायचे, पेशींना उजेड सोसवेनासा करणारं. मग पिशवी जांभळ्या नळ्यांच्या पेटीत ठेवायची. तो उजेड खाल्लेल्या पेशी पुन्हा दादाच्या शरीरात सोडायच्या. त्या हळूहळू मरतात, आणि मरता मरता बाकीच्यांनाही शांत करतात. इतकं सोपं करून मी नंतर शेकडो वेळा सांगितलं. तेव्हा मात्र मी वही घेऊन बसायचो आणि यंत्रावरच्या मुलीला प्रश्न विचारून भंडावून सोडायचो.

ते औषध कोडावर देतात त्याच जातीचं, आपल्या बावचीच्या गोताचं, असं कळलं तेव्हा दादा त्या आवळलेल्या तोंडानंही हसला. “बावची? अरे मन्या, लामत्याच्या रस्त्याले ढीगभर उगवते ते. आपण उगीच मुंबईले आलो.”

उपचारानंतर दिवसभर ऊन अंगावर घ्यायचं नाही. काळा गॉगल, पूर्ण बाह्या, वर छत्री. धर्मशाळेतली पोरं त्याला ‘हिरो’ म्हणायची. त्याच्या कडक कातडीत शीर सापडायची नाही. दोनदा, तीनदा सुई घालावी लागायची. दादा छताकडे बघत राहायचा, हूं की चूं नाही. मी खिडकीबाहेर बघायचो. सुईकडे बघणं मला कधी जमलं नाही. हे लक्षात असू द्या.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला ताई आली. लामत्याहून डब्यात तिळाची चटणी, तांदळाच्या पिठाचे मऊ घावन, दादाला गिळता यावेत असे. यंत्राशेजारी उभी राहून तिनं त्या गुलाबी पिशवीकडे बोट दाखवलं आणि नर्सला विचारलं, “हे माहंच ना?” नर्स हो म्हणाली. ताईची छाती केवढी फुगली! तेवढ्यात डॉक्टरबाई फाईल चाळत आल्या. मला म्हणाल्या, “भावाचा रिपोर्ट यात कुठे दिसत नाही. तुमची तपासणी झाली होती ना?”

मी म्हटलं, झाली होती. जुळलं नाही.

“मग प्रश्नच नव्हता,” त्या म्हणाल्या. “भाऊ पूर्ण जुळला असता तर आम्ही आधी त्याला घेतलं असतं. बाळंतपणं झालेल्या बाईचं पुरुषाला दिलं की हा त्रास व्हायची शक्यता थोडी वाढते, असं दिसतं. बाळाला पोटात वाढवताना तिच्या पेशी परकं ओळखायला शिकलेल्या असतात. अर्थात भावाचं देऊनही हे होऊ शकतं. आणि तुमच्या बहिणीनं दिलं म्हणून तर हे जिवंत आहेत.”

बाई चांगल्या होत्या. शेवटचं वाक्य त्यांनी ताईकडे बघून म्हटलं. पण ताईनं ते ऐकलं नाही. तिनं आधीचंच ऐकलं होतं.

दुपारी धर्मशाळेच्या जिन्यात ती बसली होती, डबा मांडीवर घेऊन. दादा आत झोपला होता. मला बघून म्हणाली, “मन्या, माह्याच रक्तानं त्याले असं केलं का रे?”

मी काय म्हणालो? मी शिकलेला ना. मी म्हणालो, “तसं नाही ताई. हे कोणाच्याही रक्तानं होऊ शकते. बाईंनीच सांगितलं ना?”

“हौ,” ती म्हणाली. “पण तुह्यं जुळलं असतं तर बरं झालं असतं.” आणि लगेच माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “तू काय करशील बापा त्याले. तुह्या हातात थोडी होतं.”

माझ्या हातात होतं.

आता सांगतो. नागपूरची ती लॅब. ताईनं भाऊजींबरोबर जाऊन आधीच रक्त दिलं होतं. माझ्या शाळेत परीक्षा चालू होत्या, म्हणून मी चार दिवसांनी एकटा गेलो. सकाळच्या बसनं उतरलो, फॉर्म भरला, बाकावर बसलो. समोरच्या खोलीत एका बाईचा दंड रबरानं बांधलेला दिसत होता. मला त्या छोट्या सुईची भीती वाटत होती का? वाटत होती. पण तेवढीच असती तर मी डोळे मिटून दिलं असतं. मला पुढचं दिसत होतं. मी पुस्तकात वाचलं होतं — कंबरेचं हाड, जाड सुया, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा भोसकून काढायचा मगज. मी पालथा पडलेला, शुद्ध हरपलेला. जुळलं तर? मग सुटका नाही. आणि मला — हे सांगतानाही जीभ अडते — मला ते जुळू नये असं वाटत होतं. माझ्या सख्ख्या भावाशी.

माझं नाव पुकारलं. मी उठलो. त्या माणसाला म्हटलं, एक मिनिट, चहा घेऊन येतो. समोरच्या टपरीवर चहा घेतला. मग दुसरा घेतला. मग बसस्टँडकडे चालायला लागलो. कुणी अडवलं नाही. कोण अडवणार?

एवढ्यावर थांबलो असतो तर घरी येऊन खरं सांगता आलं असतं. घाबरलो, पुन्हा जातो. दादा हसला असता फक्त. पण बालाघाटला उतरण्याआधी वारासिवनीला बस थांबली तेव्हा मी खाली उतरलो, मेडिकलमधून कापूस आणि चिकटपट्टी घेतली आणि कोपराच्या खळगीत लावली. बसमध्ये, स्वतःच्या हातानं. नीट, गोल कापसाचा बोळा खाली ठेवून. मी प्रयोगवही जशी टापटीप ठेवायचो, तशी.

घरी आईनं त्या पट्टीवरून बोट फिरवलं. “दुखलं का रे लई?” मी म्हटलं, थोडंसं. दादानं मला कवेत घेतलं.

ताईचा रिपोर्ट आल्यावर घरात दिवाळी झाली. माझ्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणालो, पीसीओवरून फोन केला होता, माझं जुळलं नाही म्हणाले. कुणाला खातरजमा करायची गरजच वाटली नाही. एक जुळली होती ना.

म्हणजे बघा. ताईच्या कंबरेत सुया गेल्या, त्या माझ्या भित्रेपणामुळे गेल्या — पण त्याचं ताईला काहीच वाटलं नसतं. तिला देण्याचा आनंद होता. मी तिच्याकडून काढून घेतलं ते दुसरंच. त्या जिन्यातल्या दुपारनंतर ‘माह्या भावाच्या अंगात माहं रक्त हाय’ हे वाक्य ताईच्या तोंडून मी पुन्हा कधी ऐकलं नाही. लामत्याच्या बायकांनी विषय काढला तर ती उठून चुलीकडे जायची. मुंबईला पुन्हा आली, पण यंत्राच्या खोलीत पाय टाकला नाही. बाहेर बाकावर बसून राहायची. मी तेव्हा एवढंच म्हणायला हवं होतं — ताई, मी तपासलंच नाही, दोष असेल तर माझा आहे. एका वाक्याचं काम. तिचं अर्धं ओझं उतरलं असतं. मी तिला शास्त्र समजावत बसलो. प्रत्येक शब्द खरा होता, आणि सगळं मिळून खोटं होतं.

आणि उजेडानं काम केलं! ते सांगताना माझा ऊर आजही भरून येतो, काय करू? चार महिन्यांनी एका सकाळी दादानं स्वतःच्या सदऱ्याची वरची गुंडी स्वतः लावली. बाथरूममधून ओरडला, मी घाबरून धावलो, तर हा माणूस आरशासमोर उभा राहून गुंडी लावतोय आणि काढतोय. मग कोपर सैल झालं. मग तोंड. वर्षभरानं महिन्यातून एकदाच जावं लागायचं. पुढच्या पावसाळ्याआधी तो बिरसाला लाकडाच्या डेपोत टेबलाच्या कामावर रुजू झाला आणि त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा जंगलात. छत्री घेऊन, गॉगल लावून — पण जंगलात.

मी बारावीच्या फळ्यावर ते यंत्र खडूनं काढायचो. माझ्या दोन विद्यार्थिनी पुढे रक्ताच्या तपासणीच्या क्षेत्रात गेल्या, माझं नाव घेतात. गणपतीत मराठी मंडळींनी माझा सत्कार केला, शाल आणि श्रीफळ. ‘भावासाठी झिजलेला भाऊ’ असं कुणीतरी भाषणात म्हणालं. मी खाली बघितलं नाही. ताठ उभा होतो. मी झिजलो होतोच की — ते महिने, ती धर्मशाळा, रात्र रात्र त्याच्या डोळ्यांत घातलेले थेंब. त्याचा मला अभिमान होता आणि आहे. तिसऱ्या रांगेत ताई टाळ्या वाजवत होती.

त्यानंतर मी एक गोष्ट केली, तीही कुणाला ठाऊक नाही. नागपूरला गेलो, त्याच प्रकारच्या लॅबमध्ये, आणि हात पुढे केला. या वेळी पळालो नाही. दादाचा जुना, मगज चढवण्याआधीचा रिपोर्ट बरोबर नेला होता, ताडून बघायला. तुम्हाला वाटेल, पश्चात्तापानं गेलो असेन. नाही. मला तो कागद हवा होता — ‘जुळत नाही’ असा. तसं निघालं असतं तर माझं खोटं मागच्या तारखेनं खरं झालं असतं. मी सुटलो असतो. बसमधून जाताना मी हात जोडून तेच मागत होतो.

पूर्ण जुळलं. एकही आकडा इकडेतिकडे नाही.

मी दिलं असतं तर दादाला हा त्रास झाला नसता, असं मी म्हणत नाही. बाईंनीही म्हटलं नव्हतं. कदाचित झाला असता. कदाचित मीच त्याच्या जिवावर उठलो असतो. पण निवड डॉक्टरांची होती, दादाची होती, आणि मी ती दोन कप चहामध्ये संपवली. तो रिपोर्ट बसस्टँडवर फाडून टाकला. हेही आलं.

दादा रेंजर झाला तेव्हा बिरसाला त्याच्या लोकांनी जेवण ठेवलं होतं. मोठा मांडव, गार्ड, चौकीदार, गावोगावचे पाटील. वहिनी, मुली, लामत्याहून ताई, सगळे गेलो. दादा माइकपुढे उभा राहिला. कातडीवर अजून पांढरट डाग होते, पण आवाज खणखणीत. तिकडे सगळे हिंदीवाले, म्हणून हिंदीत बोलला. पहिल्यांदा त्यानं ताईला उभं केलं. म्हणाला, “मेरी दीदी ने मुझे अपना खून दिया.” ताई उभी राहिली, पदर ओढला आणि लगेच खाली बसली. मान वर केली नाही. टाळ्या थांबायच्या आत बसली ती.

मग तो माझ्याकडे वळला. “और ये मेरा छोटा भाई. इसका खून मैच नहीं हुआ, तो इसने अपनी जिंदगी दे दी.”

सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. ताई माझ्या शेजारीच होती. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला, मला उठवायला, आणि कानाशी म्हणाली, “ऊठ रे मन्या. तुह्या वाट्याचं आहे.”

मी उठलो. हात जोडले. चारी बाजूंना वळून नमस्कार केला, आणि टाळ्या थांबेपर्यंत उभा राहिलो.